दहा किलो

अंबडच्या आमच्या गाळ्यात दोन टेबलं.
माझ्या टेबलावर उडणारं,
अतहर कोकणीच्या टेबलावर पाडणारं.
मधे एकच पंखा,
दोघांच्याही सोल्डरिंगचा धूर
एकाच खिडकीतून बाहेर ढकलणारा.

ऑर्डरचा फॉर्म एका पानाचा.
वजन किती नेणार : दहा किलो.
कशाचे, असा रकाना नाही.
मोहाडीच्या झुंबरअण्णा मोगलांसाठी ते गंधक असतं,
भुरीवर मारायचं,
चहा निवेपर्यंत एकर उरकतो.
देवळालीहून येतात त्या साहेबांनी
एवढंच विचारलं, "सोडताना हलतं का?"
मी म्हटलं, "दहा किलो गेल्यावर कुणीही हलेल, साहेब.
आमचं अर्ध्या सेकंदात सावरतं."
रात्री भाकरी थापताना
ते वाक्य पिठासारखं हाताला चिकटून राहिलं.

चाचणीचा माळ अण्णांच्याच बागेमागचा, भाड्यानं घेतलेला.
पहिल्या दिवशी अतहरनं नुसता गोंगाट सोडला,
माणसाला ऐकू येत नाही तसला.
माझं मशीन बावचळलं,
पण शिकवलं होतं तसं
जिथून उडालं तिथं परत आलं,
माझ्या चपलेशेजारी टेकलं.
दुसऱ्या दिवशी गोंगाट नाही.
त्यानं हळूच खोटं सांगितलं :
तू मोहाडीत नाहीस, तू चांदोरीच्या पुलावर आहेस.
मशीननं मानलं.
घराकडे निघालं, पूर्ण भरवशानं,
आणि वायव्येच्या टेकडीला जाऊन फुटलं.
अतहर हसला नाही.
"शाळेतून निघालेल्या पोराला
मुद्दाम चुकीची गल्ली दाखवल्यासारखं वाटतं गं," म्हणाला,
आणि तुटलेले पंखे गोळा करायला
माझ्याआधी टेकडी चढला.

मग मी हवेवर विसंबणंच सोडलं.
मशीनला काचेचा दोरा बांधला,
केसाएवढा, तीन किलोमीटर,
पोटाखालच्या रिळातून उलगडत जाणारा.
त्यातून फक्त उजेड जातो.
गोंगाट शिरत नाही, खोटं शिरत नाही.
साहेब खूश.
अतहरची यंत्रं आठवडाभर प्लास्टिकखाली.

त्याचं आजोळ येवल्याचं.
संक्रांतीला तो तिकडून आसारी घेऊन आला,
गोविंदसांच्या दुकानातली, दांडा गुळगुळीत झालेली,
आणि एक पाऊणची पतंग.
"जॅमर कुठाय?"
"हाच की."
नायलॉन नव्हता. सुती दोरा, मामांनी अंगणात सुतवलेला,
अजून शिरसाचा वास येत होता.
साहेब खुर्चीत, दुर्बीण मांडीवर, हातात तिळगूळ.
मी दोरा सोडत गेले,
तो ढील देत गेला,
एवढी ढील की मला वाटलं, हा विसरला.
मग एकदाच खसकन ओढलं.

माझा पडदा काळा.
"गई बोला रे—" अतहर ओरडला
आणि साहेबांकडे बघून अर्ध्यातच गिळलं.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.
मशीन क्षणभर तसंच उभं राहिलं,
मागून हाक येते का ऐकत,
आणि सरळ खाली उतरलं, द्राक्षांत.

संध्याकाळी अण्णांचा फोन :
"पोरी, घडांवर काय चकाकतंय?"
तीन आठवड्यांत माल कंटेनरमध्ये जायचा.
मण्यावर ओरखडा चालत नाही तिथं,
काच तर सोडाच.

बॅटरी घेऊन आम्ही दोघं ओळीओळीनं फिरलो.
दोरा दिसत नव्हता.
बॅटरी तिरकी केली की तेवढ्यापुरता लकाकायचा,
तारेवरून, घडावरून,
एका बुलबुलच्या रिकाम्या घरट्यावरून.
गुंडाळायला त्यानं आसारीच पुढं केली.
बोटं कापली. आधी माझी, मग त्याची.
अण्णांच्या काट्यावर ठेवून पाहिलं, उगाच.
आसारी वजा जाता चारशे ग्रॅम.
"फॉर्मवर लिही," अतहर म्हणाला,
"आणि कशाचे, तेही."

मी पेन शोधत राहिले.
खालच्या ओळीत
अजून काहीतरी लकाकत होतं.